बॅरलच्या काठावरची अंडी

प्रश्न : आमच्या गल्लीतील गटारे वाहती आहेत, धूर फवारणारी गाडी येऊन जाते आणि आम्ही तिन्हीसांजेला दारे-खिडक्या लावून घेतो. तरीही घरात पाठोपाठ दोघांना डेंग्यू झाला. पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने बॅरल भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही आणखी काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण घेतलेली काळजी योग्यच आहे, परंतु तिचा रोख दुसऱ्या डासांवर आहे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी, आणि त्याची पैदास गटारात नव्हे, तर घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होते. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा काळा डास पलंगाखाली किंवा टांगलेल्या कपड्यांमागे दडून बसतो, त्यामुळे रस्त्यावरचा धूर त्याच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही, आणि अळ्यांवर तर त्या धुराचा परिणामच होत नाही.

बॅरल नुसते रिकामे करून भागत नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. मादी पाण्याच्या पातळीलगत आतल्या भिंतीवर काळी, बारीक अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरताच फुटतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून बॅरल आतून काथ्याने खसाखसा घासावे, कोरडे करावे आणि मगच भरून घट्ट झाकावे. झाकण नसल्यास दुहेरी सुती कापड बांधले तरी चालते. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरचे टायर मात्र विसरू नयेत.

रुग्णाला ताप असताना चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना डेंग्यू देऊ शकतो. आपल्याकडे पाठोपाठ दोघे आजारी पडले, त्यामागे हे कारण असू शकते. म्हणूनच रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीतच झोपावे. तापावर पॅरासिटामॉलच घ्यावे, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात; अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण खरा जपण्याचा काळ तोच असतो. त्या एक-दोन दिवसांत पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची ग्लानी दिसल्यास, रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.