30 मीटरच्या आकाशपाळण्यावरून दोरीने सुटका: आधी मिनिटं मोजा

ग्वाल्हेरच्या मेळ्यातल्या 30 मीटर उंच, 16 डब्यांचा आकाशपाळणा बंद पडला तर लोकांना उतरवायला दोन दोर आणि चार हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. सामान एकवेळ पुरेल, वेळ पुरणार नाही. डब्यात 4 धरले तर 64 माणसं. खालचे 3 डबे शिडीने रिकामे केले तरी वर 52 उरतात. माणशी 8 मिनिटं धरा, जवळपास 7 तास झाले. दोन पथकं लावली तरी साडेतीन, तेही जानेवारीच्या रात्री, धुक्यात, उघड्या डब्यात.

म्हणून आधी चाक फिरवता येतंय का ते बघा. जनरेटर, मग ब्रेक हाताने सोडणं, मग चेनपुली (हाताने साखळी ओढून जड वजन हलवायचं यंत्र). काठाला टायर लावून फिरणारं चाक असेल तर टायर मागे घेतले की जाम गिअरबॉक्स आड येत नाही. पण त्याच क्षणी चाकाला धरून ठेवणारंही काही उरत नाही आणि जड बाजू खाली धावते. तेव्हा टायर सोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या चेनपुल्या ताणलेल्या हव्यात.

दोरीवर यायचंच झालं तर मुख्य वीज बंद, स्विचला कुलूप, किल्ली पथकप्रमुखाच्या खिशात. चाकाचा काठ वायररोपने पायथ्याला दोन्हीकडून बांधा. घड्याळातल्या 3 च्या जागेवरचा डबा रिकामा झाला की तिथलं सुमारे 240 किलो वजन जातं आणि 14 मीटर त्रिज्येवर तो सगळा फरक ब्रेकवर येतो. म्हणून 3 नंतर 9, 2 नंतर 10, असं जोडीनेच उतरवायचं.

दोर 11 मिमीचा, कमी ताणाचा कर्नमँटल (आत गाभा, वर विणलेलं आवरण), ईएन 1891 या युरोपीय मानकाचा टाइप ए. मुख्य आणि बॅकअप दोर वेगवेगळ्या अँकरवर, म्हणजे दोर बांधायच्या जागेवर. अँकर आरे आणि काठ जुळतात त्या सांध्याला. डब्याच्या दांडीला किंवा दिव्यांच्या पट्टीला कधीही नाही. जमिनीवरून सोडणार असाल तर दोर 30 मीटर वर जातो, 30 खाली येतो, म्हणून 80 मीटरचेच घ्या आणि टोकाला गाठ मारा. या दोराला 5 टक्क्यांपर्यंत ताण चालतो, म्हणजे 60 मीटरला 3 मीटर. दोर आधी ताणून न घेता माणसाला डब्याबाहेर काढलं तर तो सरळ खालच्या आऱ्यावर आदळेल. वरच्या डब्यांखाली आरे आणि दुसरे डबे येतातच, त्यामुळे खाली दोघांनी त्याला बांधलेला ओढ-दोर धरून त्याला बाहेर खेचत आणायचं. धारदार कडांवर जुन्या फायर होजचे तुकडे चढवा.

प्रवाशाला हार्नेस चढवून, दोन्ही कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) लॉक करून मगच मांडीवरचा बार उघडा. सुटकेचा त्रिकोणी हार्नेस पायांमधून घ्यावा लागतो, साडीवर तो नीट बसत नाही. पिशवीत इलॅस्टिकचे मोठे पायजमे ठेवा. महागड्या पुल्यांपेक्षा जास्त कामी येतील. लहान मुलांसाठी खांद्याच्या पट्ट्या असलेलाच त्रिकोण घ्या.

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, त्यामुळे मध्येच दोर अडकला तर दोर सोडणाऱ्याने लगेच बॅकअपवर भार घ्यायचा. खाली आल्यावर त्याला आडवं झोपवा. बसवून ठेवायचा जुना सल्ला आता मागे पडला आहे.