व्हॅन गॉगच्या चित्रांत नैराश्य शोधताय? आधी तारखा बघा

चित्रांतून चित्रकाराचं नैराश्य कसं वाचायचं हे शिकायला सुरुवात डच चित्रकार व्हॅन गॉगपासून करताय ते बरंच झालं. त्याची पत्रं हाताशी असल्याने अंदाजपंचे बोलावं लागत नाही.

आधी तारीख बघा, मग चित्र. गव्हाच्या शेतावरचे कावळे (जुलै 1890) हे त्याचं शेवटचं चित्र, असं सर्रास ठोकून देतात. शेवटचं बहुधा झाडांच्या मुळांचं आहे. पण एकदा ‘शेवटचं’ म्हटलं की प्रत्येक कावळा अपशकुनी दिसतो. त्याच महिन्यात या शेतांबद्दल भावाला लिहिताना तो दुःख आणि टोकाचा एकटेपणा मांडल्याचं म्हणतो खरं. पण पुढे लगेच खेड्यातलं निरोगी, बळ देणारं काय तेही यात दिसेल म्हणतो. नवशिके पहिला अर्धा भाग तेवढा उचलतात.

दुसरी नेहमीची चूक: गडद रंग म्हणजे नैराश्य. ‘बटाटे खाणारे’ (1885) काळपट आहे, कारण त्याला न सोललेल्या, धुळकट बटाट्याचा रंग हवा होता. उलट निळ्या आभाळावरचा फुललेला बदाम 1890 मध्ये मनोरुग्णालयात असताना रंगवलाय, पुतण्या झाला म्हणून!

मग बघायचं काय? रचना. कावळ्यांच्या चित्रात तीन वाटा आहेत: मधली गव्हात शिरून संपते, बाजूच्या दोन चौकटीबाहेर पळतात. नजरेला टेकायला जागाच नाही.

आणि डॉक्टरकी नको; त्याच्या आजाराच्या निदानावर अजून वाद आहेत. मुंक, रॉथ्को हे दुसरे चित्रकार नंतर, सावकाश. आधी व्हॅन गॉगची कावळे, बटाटे खाणारे आणि बदाम ही तिन्ही चित्रं ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमच्या संकेतस्थळावर मोठी करून बघा, मग बोलू.