ते भटकणं कापू नकोस

प्रिय मित्रा,

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘स्ट्रे डॉग’ तुला आवडला, पण मधलं ते बाजारातलं भटकणं कापलं असतं तर सिनेमा आणखी घट्ट झाला असता, असं तू लिहिलंस. मला हे अजिबात पटलं नाही. सिनेमाचा जीव त्याच तुकड्यात आहे.

साल 1949. जपान युद्ध हरून चार वर्षं झालेली, देश अमेरिकेच्या ताब्यात. टोकियोत अंगाची काहिली करणारा उन्हाळा. गच्च भरलेल्या बसमध्ये मुराकामी या नवख्या डिटेक्टिव्हचं पिस्तूल चोरीला जातं, आत सात गोळ्या. ते शोधायला तो जुना लष्करी पोशाख चढवून काळ्या बाजारात हिंडतो. संवाद जवळजवळ नाहीत. नुसते पाय, घामेजलेले चेहरे, दुकानांतून ऐकू येणारी गाणी.

ही दृश्यं खऱ्याखुऱ्या काळ्या बाजारात जाऊन टिपली ती इशिरो होंडाने, ज्याने पुढे ‘गॉडझिला’ केला. मुराकामी झालेल्या मिफुनेचा चेहरा दिसत नाही अशा काही शॉट्समध्ये मिफुनेऐवजी होंडाच चालला. होंडा स्वतः चीनमध्ये कैद भोगून परतलेला सैनिक होता. म्हणजे सैनिकाच्या वेशात फिरणारे त्यातले काही पाय खरोखरच युद्धावरून आलेल्या माणसाचे आहेत!

आता पुढचं बघ. चोरीचं पिस्तूल ज्याच्या हाती पडतं तो गुन्हेगार युसा हाही माजी सैनिक. घरी परतताना त्याची पिशवी चोरीला गेली आणि तो वाट चुकला. मुराकामीचीही पिशवी तशीच गेली होती, पण तो पोलिसात गेला. हे कुणी नुसतं बोलून सांगितलं असतं तर आपण मान डोलावली असती आणि विसरलो असतो. पण तोवर आपण मुराकामीला त्याच गर्दीत, तशाच कपड्यांत पाहिलेलं असतं आणि तो त्यांच्यातून वेगळा ओळखू आलेला नसतो. तुझी कात्री चालली असती तर नेमकं हे गेलं असतं.

सुरुवातीचं निवेदन जरा जास्त बोलतं, असंही तू लिहिलंस, ते मात्र बरोबर आहे. मुराकामीचा अनुभवी सहकारी सातो याच्या भूमिकेतला शिमुरा पुन्हा नीट पाहा. गुन्हेगाराची कणव करणं त्याला मान्य नाही, आणि कुरोसावा त्याला खोटं पाडत नाही.

शेवटच्या पाठलागात जवळच्या घरात एक बाई पियानो वाजवतेय. गोळी सुटते, ती खिडकीशी येऊन डोकावते आणि परत जाऊन वाजवू लागते. हे दृश्य हेडफोन लावून पाहा. मग तू लिहितोयस त्या पटकथेतला गोळीबाराचा प्रसंग समोर घे आणि त्या वेळी शेजारच्या घरात काय चाललंय ते लिहून मला पाठव.

तुझा,
काका