फ्लटर: यादीतली एक ओळ काढली की टिक भलत्याच ओळीवर का दिसते?

फ्लटर (ॲप बनवण्याचं गूगलचं टूलकिट) वापरून केलेल्या यादीत दूध, साखर, चहा अशा 3 ओळी आहेत, प्रत्येक ओळ स्टेटफुल विजेट (स्वतःची बदलती माहिती, म्हणजे स्टेट, जपणारा पडद्यावरचा घटक) आहे आणि साखरेवर टिक आहे, तीही स्टेटमध्येच ठेवलेली, असं धरू. साखर काढलीत की टिक चहावर दिसते. कारण ओळीला ‘की’ (key, म्हणजे ओळखीची खूण) दिलेली नसेल तर फ्लटर जुनी-नवी ओळ फक्त जागा आणि प्रकार बघून जुळवतं. दुसऱ्या जागेवरची स्टेट तशीच राहते, तिच्या हाती फक्त चहाचं विजेट येतं. टाकली जाते ती तिसरी स्टेट.

कॉलममध्ये (ओळी एकाखाली एक मांडणारं विजेट) प्रत्येक ओळीला व्हॅल्यू-की (दिलेल्या मूल्यावरून ओळखणारी की) द्या, आणि तीत वस्तूचा आयडी. इंडेक्स (ओळीचा क्रमांक) अजिबात नको, ओळ काढली की तोही सरकतो. ओळ पॅडिंगमध्ये (भोवती मोकळी जागा सोडणारं विजेट) गुंडाळली असेल तर ‘की’ पॅडिंगला द्या; इथेच बहुतेकांचं चुकतं.

लिस्टव्ह्यू-बिल्डर (लागतील तशा ओळी बनवणारी स्क्रोल यादी) असेल तर नुसती ‘की’ पुरत नाही. स्क्रोल करून ओळ पडद्याबाहेर लांब गेली की तिची स्टेटच नष्ट होते. म्हणून माझ्या मते टिक ओळीच्या स्टेटमध्ये ठेवूच नये. वस्तूच्या मॉडेलमध्ये (वस्तूची माहिती ठेवणारा डेटा) ठेवा, ओळीला टिकचं मूल्य (आहे की नाही) आणि ऑन-चेंज्ड (टिक बदलली की चालणारं फंक्शन) द्या.