राखणदाराला विचारलंस का?

प्रिय चिऊ,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आयरिश शिकायला गेलेल्या कॉनेमारात पाऊस थांबत नाही, आयरिश सोडून दुसरी भाषा तोंडातून निघाली की ओरडा बसतो, फोन आठवड्यातून एकदाच हातात मिळतो, सगळं वाचलं. आईनं तीनदा वाचलं. मी तुझ्या शेवटच्या परिच्छेदापाशी अडकून बसलो.

तू लिहिलंयस की शेताच्या मधोमध एकटंच हॉथॉर्नचं झाड आहे आणि तुमच्या 'बान अन टी', म्हणजे घरमालकीणबाई, म्हणाल्या, त्याची फांदी मोडू नका, ते 'त्यांचं' आहे. मग मुलींनी तुला विचारलं, तुमच्याकडे फेअरी असतात का? तू म्हणालीस, नाही, आमच्याकडे देव असतात. आणि रात्री झोपताना तुला आठवलं, नाताळात गावी गेलो तेव्हा आजोबा मागच्या परड्यात नारळ ठेवून कुणाशी तरी बोलत होते आणि आपण सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो. "बाबा, तो देव होता का? नसेल तर मी मुलींना चुकीचं सांगितलं का?"

थोडं चुकीचंच सांगितलंस, पण त्यात तुझा दोष नाही. हे मीच तुला कधी नीट सांगितलं नाही.

आधी शब्दाचं बघू. 'परी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. गोष्टीच्या पुस्तकातली पंखवाली, हातात छडी घेतलेली परी आपल्याकडे पाहुणी म्हणूनच राहिली. आजोबांना विचार, त्यांनी आयुष्यात परीची भीती घातल्याचं किंवा परीला काही दिल्याचं आठवणार नाही. आपल्या मंडळींना पंख नसतात, पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, ब्रह्मराक्षस जुन्या झाडावर, गिऱ्हा खाडीच्या पाण्यात, आसरा विहिरीत, देवचार वाटेवर. आणि राखणदार प्रत्येक जागेचा वेगळा. आपल्या परड्यातला तो दगड आठव, फणसाच्या मुळाशी अर्धा मातीत गेलेला. त्याला डोळे नाहीत, शेंदूर नाही, वर छप्पर नाही. आजोबा त्याला 'जागेवालो' म्हणतात. त्यांच्या आजोबांनी घर बांधलं त्याच्याही आधीपासून तो तिथं आहे, म्हणून घर आपलं पण जागा त्याची.

त्या दिवशी तू फोटो काढण्यात गुंतली होतीस. आजोबांनी पाय धुतले, खांद्यावर पंचा टाकला, शेंडी दगडाकडे करून नारळ ठेवला, बाजूला पानाचा विडा. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं: "बा देवा राखणदारा, आज जो काय नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो हा तो गोड मानून घे. परदेशात गेलेल्या पोरांका सुखी ठेव. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, म्हाराजा!" आणि आपण म्हणालो, व्हय म्हाराजा. नीट ऐकलंस तर त्यात स्तोत्र नाही, संस्कृतचा एक शब्द नाही. शेजारच्या वयस्कर माणसाशी बोलावं तशी ती बोली आहे. गाऱ्हाणं म्हणजे तक्रारही आणि विनंतीही. जुन्या कुळानं जमिनीच्या मालकाला सांगावं तसं आजोबा त्याला वर्षातून एकदा घरचं सगळं सांगतात.

तुझ्या बान अन टी 'फेअरी' हा शब्द वापरत नाहीत, 'दीनी माहा', म्हणजे भली माणसं, असं म्हणतात, हे वाचून तर मी खुर्चीतून उठलोच. आपल्याकडे अगदी हेच. रात्री साप दिसला तर आजी 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणते, नाव घेत नाही. वाघाचा वाघोबा होतो. अंगावर फोड उठवणाऱ्या रोगाला लोक 'देवी' म्हणायचे. ज्याची भीती वाटते त्याला चांगल्या नावानं हाक मारायची. ही युक्ती दोन देशांनी एकमेकांना न विचारता शोधली.

चकव्याचंही तसंच. माझे एक काका अमावास्येच्या रात्री शेजारच्या गावाहून दशावतार बघून परत येत होते. रोजची वाट, पण तीनदा त्याच बांधावर येऊन पोचले. चकवा लागला म्हणतात त्याला. काका शहाणे, ते खाली बसले आणि उजाडेपर्यंत उठले नाहीत. आयर्लंडमध्ये याला 'भुलवणारी ढेप' म्हणतात: गवताच्या एका विशिष्ट ढेपेवर पाय पडला की माणूस शेतातल्या शेतात फिरत राहतो, फाटक सापडत नाही. इथला उपाय कोट उलटा करून घालण्याचा. काकांकडे कोट नव्हता.

आता तुला आवडेल असं एक. आपण क्लेअरला गेलो होतो तेव्हा शॅननकडून एनिसला जाताना मोठ्या रस्त्यालगत मी तुला एक झुडूप दाखवलं होतं, तू झोपेत होतीस. ते लॅटूनचं हॉथॉर्न. १९९९ साली तिथून नवा रस्ता जाणार होता आणि झाड तोडलं जाणार होतं. एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्यानं आवाज उठवला: मन्स्टर प्रांतातल्या फेअरी कॉनॉट प्रांतातल्या फेअरींशी लढायला निघतात तेव्हा याच झाडापाशी जमतात, ते तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. रस्ता आखणाऱ्यांनी झाडाला जागा सोडली. २००२ मध्ये कुणीतरी रात्री येऊन त्याच्या फांद्या करवतीनं कापल्या. झाड पुन्हा फुटलं.

मला ही बातमी वाचून देवराई आठवली. आपल्याकडे गावोगावी देवाच्या नावानं राखलेलं रान असतं, तिथली पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले असताना तिथं जुनी झाडं उभी होती, ती गावकऱ्यांना देवाचा धाक होता म्हणून.

आरवलीचा वेतोबा मात्र तू पाहिलास. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, गोष्टीत विक्रमाच्या पाठीवर बसून प्रश्न विचारणारा. पण वेंगुर्ल्याकडे आला आणि तो वेतोबा झाला, गावाचा रक्षक. लोक त्याला केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या चपला. त्या चपलांच्या शेजारी तू पाऊल धरून पाहिलंस, तुझी दोन मावली असती. तो रात्री गावाची शीव फिरतो, म्हणून तळ झिजतात, असं तिथले लोक मानतात. पूर्वी त्याची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, त्यामुळे त्या गावात फणसाचं लाकूड घरकामाला वापरत नाहीत. गोव्यात तोच बेताळ. बेताळभाटी गावाचं नाव त्याच्यावरूनच पडलंय.

तुझ्या आईच्या माहेरी, साताऱ्याकडे, राखणदार नाही, तिथं साती आसरा. 'आसरा' हा 'अप्सरा'चाच घासलेला शब्द, आणि अप्सरा म्हणजे मुळात पाण्यातली. विहिरीच्या आतल्या कोनाड्यात किंवा नदीकाठी सात दगड ओळीनं मांडलेले असतात, शेंदूर लावलेले. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात. भर दुपारी एकट्यानं पाण्यावर जायचं नाही, आसरा ओढून नेतात. तुझी आई या भीतीनं सातवीपर्यंत विहिरीत वाकून बघत नव्हती. मला विचारशील तर फेअरीच्या सगळ्यात जवळच्या आपल्याकडे ह्याच: बायका, देखण्या, एकत्र राहणाऱ्या, आणि रागावल्या तर वाईट.

आता एक गोष्ट तू तेरा वर्षांची झालीस म्हणून सांगतो. हडळ, जखीण यांच्या गोष्टी ऐकताना ती मेली कशी तेही विचारत जा. बहुतेकदा उत्तर येतं, बाळंतपणात. ज्या बाईला वाचवता आलं नाही, तिचीच पुढे भीती घातली. आणि जिवंत माणसावर ही गोष्ट लादली की काय होतं, ते दोन्ही देशांनी पाहिलंय. १८९५ साली आयर्लंडमधल्या टिपरेरीत ब्रिजेट क्लिअरी नावाच्या तरुण बाईला तिच्या नवऱ्यानं जाळलं. त्याचं म्हणणं, ही माझी बायको नाही, फेअरींनी तिला नेऊन हिला ठेवलंय. ती बहुधा साधी आजारी होती. आपल्याकडेही झपाटलंय म्हणून मारहाण झाली, चेटकीण ठरवून बायकांना गावाबाहेर काढलं. त्याविरुद्ध आयुष्यभर लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. मी दाभोलकरांच्या बाजूचा आहे आणि मी परड्यात हातही जोडतो. दगडाला नारळ दिल्यानं कुणाला इजा होत नाही. माणसाला कुणी 'लागलंय' म्हणालं की मात्र तू डॉक्टरला बोलवायचं.

तू विचारलंस, हे सगळं कुठे लिहिलेलं आहे का. आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला १९०९ मध्ये अनंत कान्हेरेंनी गोळी घातली, त्याला लोककथांचा नाद होता. त्यानं जमवलेली माहिती एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं पुढे छापली, कोकणचा खंड १९१५ मध्ये आला. भुताखेतांची, पाण्यातल्या देवतांची ती उत्तरं गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवली होती. आणि आयर्लंडमध्ये? १९३७ ते १९३९ या काळात इथल्या प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारलं आणि वहीत उतरवून आणलं. साधारण तुझ्याच वयाची ती. त्यात तुमच्या कॉनेमारातल्या शाळाही आहेत. बान अन टींना विचार, त्यांच्या घरातलं कुणी लिहिलं असेल.

काल आजोबांना फोन करून तुझा प्रश्न सांगितला. फेअरी म्हणजे काय ते समजवायला वेळ लागला, पण हॉथॉर्नचं सांगितल्यावर लगेच कळलं. म्हणाले, "म्हणजे थंय पण जागेवालो आसा." मग थोडं थांबून विचारलं, "तुमी थंय घर घेतलात, तीन वर्सां झाली. तुमच्या परड्याचो राखणदार कोण? त्येका इचारलास?"

मला काही बोलता आलं नाही. आपल्या मागच्या कुंपणात ते काटेरी झाड आहे ना, मे महिन्यात पांढरं होतं, ज्याच्या फांद्या शेडवर येतात म्हणून मी कापायला निघालो होतो, तेही हॉथॉर्नच. करवत काल शेडमध्ये परत ठेवली.

नारळ आणून ठेवलाय. तू शनिवारी आलीस की रविवारी सकाळी मागे जाऊ. गाऱ्हाणं मी घालीन, मालवणीतच, त्याला कळेल. 'व्हय म्हाराजा' म्हणायला तू हवीस.

तुझा,
बाबा