शॉकनंतर आठव्या दिवशी काढलेला लघवीचा रिपोर्ट

"खडा फुटला म्हणाले, मग लघवीत प्रोटीन कसं काय आलं ओ? किडनी गेली काय माझी?" चिकोडी तालुक्यातल्या 46 वर्षांच्या एका ऊस शेतकऱ्याचा हा प्रश्न. डाव्या मूत्रपिंडात 11 मिलीमीटरचा खडा होता, तो बेळगावात शॉक देऊन, म्हणजे शरीराबाहेरून दाबाच्या लाटा सोडून, फोडला. आठव्या दिवशी मुलाने आप्पांच्या लघवीची साधी तपासणी आणि 24 तासांची तपासणी (दिवसभराची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमवून केलेली), दोन्ही करून घेतल्या. साध्या रिपोर्टात प्रोटीन एक प्लस, लाल पेशी 15 ते 20, पीएच (लघवी आम्ल की अल्कली याचं माप) 7.5. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं.

शॉकची पद्धत 1980 पासून माणसांवर वापरात आहे, एवढं सांगून अशी भीती जात नाही. रिपोर्टातली एकेक ओळ उलगडून दाखवावी लागते.

लाट खड्यावर एकवटते खरी, पण तिथे पोचताना मूत्रपिंडातून जाते. बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, लघवी तयार करणाऱ्या नळ्यांच्या पेशींना मार बसतो. म्हणून पहिले एकदोन दिवस लघवी लालसर होते, आणि रक्त, प्रोटीन, नळ्यांमधली काही एन्झाइम्स लघवीत उतरतात. बहुतेकांत हे काही दिवसांत ते दोनेक आठवड्यांत ओसरतं. फुटलेले तुकडे खाली सरकताना घासतात, त्यामुळे लाल पेशी आणखी थोडे दिवस दिसू शकतात. पीएच 7.5 चं कारण तर खिशातच होतं: सायट्रेटचं औषध. ते लघवी अल्कलीकडे नेतं आणि तिच्यातलं सायट्रेटही वाढवतं. मात्र पीएच चढलेला आणि ताप किंवा पू-पेशीही असतील, तर जंतुसंसर्ग आहे का ते डॉक्टरांनी पाहायलाच हवं.

खरी अडचण दुसऱ्या रिपोर्टात होती. 24 तासांत कॅल्शियम 118 मिलीग्रॅम. पुरुषात 250 च्या आत असलं की ठीक धरतात. 'दुधाने खडा होतो' असं ऐकून घरच्यांनी आठवडाभर दूध-ताक बंद केलं होतं. कॅल्शियम कमी दिसल्यावर पथ्य लागू पडलं, असं सगळ्यांना वाटलं.

क्रिएटिनिनची ओळ कुणी वाचलीच नव्हती: 760 मिलीग्रॅम. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि रोज जवळपास तेवढंच लघवीत उतरतं, म्हणून सगळी लघवी जमली का ते त्यावरून कळतं. 70 किलोच्या, कष्टाचं काम करणाऱ्या माणसाच्या 24 तासांच्या लघवीत ते साधारण सव्वा हजार ते सतराशे हवं. म्हणजे जवळपास निम्मी लघवी कॅनमध्ये आलीच नव्हती. विचारल्यावर आप्पा म्हणाले, "रानात गेलतो, कॅन घरात होता." बांधावर गेलेली ती लघवी धरली, तर कॅल्शियम सव्वादोनशेच्या घरात जातं. हा अंदाजच, पण 118 वर विसंबता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

शॉकने खडा फुटतो. खडा होण्याचा शरीराचा कल तसाच राहतो. तो शोधायला 24 तासांची तपासणी हवी, पण तुकडे पडून गेल्यावर किमान 20 दिवस थांबून, आणि नेहमीचंच खाणंपिणं चालू ठेवून. सायट्रेटचं औषध तपासणीआधी थांबवायचं की नाही, हे डॉक्टरांनाच विचारायचं. रानाचं काम नसेल असा दिवस निवडा. सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्या, घड्याळ तिथून सुरू. मग दिवसाची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची, सगळी कॅनमध्ये. कॅनमध्ये बऱ्याचदा आम्ल घातलेलं असतं, म्हणून थेट त्यात न करता प्लास्टिकच्या मगात घेऊन हळू ओता. एक वेळ जरी चुकली तरी लॅबला सांगा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा. शक्यतो अशा दोन तपासण्या कराव्यात.

तोपर्यंत लघवी बारीक गाळणीतून गाळायची. सापडलेले तुकडे धुऊन, वाळवून, कागदात बांधून विश्लेषणाला द्यायचे. खडा ऑक्झलेटचा, युरिक ॲसिडचा की जंतुसंसर्गाचा, यावर पुढचं पथ्य ठरतं. हे तुकडे फेकून दिले जातात याची फार हळहळ वाटते.

दूध लगेच सुरू करायला सांगितलं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला धरून ठेवतं; दूध तोडलं की तेच ऑक्झलेट लघवीत जास्त उतरतं. आवरायचं ते मीठ: लोणचं, पापड, भाकरीवर घेतलेलं वरचं मीठ. सोडियम वाढलं की लघवीतलं कॅल्शियमही वाढतं. हुलग्याचं माडगं प्यायला हरकत नाही, पण त्याने खडा विरघळत नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी प्यायचं, उन्हाळ्यात रानात त्याहून जास्त.

थंडी वाजून 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप आला, लघवी अडली, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा गोळ्या घेऊनही कळ थांबली नाही, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा. हे मुलाने आप्पांच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, आणि खाली नव्या तपासणीची तारीखही.