साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी 1840 ते 1853 लंडनमध्ये होते, तरी साताऱ्याचं राज्य परत का मिळालं नाही?

चिकाटी कमी पडली नाही, दाद मागायची जागाच अडवलेली होती.

ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या 25 सप्टेंबर 1819 च्या तहात राज्य छत्रपती प्रतापसिंह, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याकडे राहील असं होतं. पण त्याच तहाच्या पाचव्या कलमाने महाराजांना बाहेरच्या सत्तांशी पत्रव्यवहाराची मनाई होती. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप बरोबर इथेच चिकटवला गेला. दोष कबूल करून सही द्या, गादी राहील, असं मुंबईचा गव्हर्नर कार्नॅकने सांगितलं. महाराजांनी बाणेदारपणे नकार दिला आणि सप्टेंबर 1839 मध्ये पदच्युत झाले.

लंडनमध्ये रंगो बापूजींनी कंपनीच्या भागधारकांपुढे गाऱ्हाणं मांडलं. तिथे चर्चा झडल्या, जोसेफ ह्यूमसारख्यांनी पार्लमेंटमध्येही बाजू घेतली. पण 1784 च्या कायद्यानुसार बोर्ड ऑफ कंट्रोलने (कंपनीवर देखरेख ठेवणारं ब्रिटिश सरकारचं मंडळ) मंजूर केलेला संचालकांचा निर्णय भागधारकांना फिरवता येत नसे. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या हाती अधिकार नव्हता, आणि अधिकार असलेले ऐकत नव्हते.

पुढे ऑक्टोबर 1847 मध्ये प्रतापसिंह काशीत वारले, एप्रिल 1848 मध्ये गादीवरचे त्यांचे बंधू शहाजी. दोघांनीही दत्तक घेतले होते. गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं, दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य नाही; त्यासाठी कंपनीची संमती हवी. तहातल्या ‘वारस’ शब्दात दत्तक येतो, असं मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचंही मत होतं. माझ्या मते खटल्यातला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. संचालकांनी तो 1849 च्या जानेवारीत बाजूला सारला.